दुधाला झालेला उशीर

बायकोला सातवा महिना होता. सुट्टीत वॉटर पार्कची दगदग नको म्हणून आम्ही वेल्ह्याला धरणाकाठी चार दिवस आरामाला गेलो. दुसऱ्या सकाळी दूध उशिरा आलं. वरच्या धनगरवाड्यातली बाई किटली घेऊन दारात आली, तसा मी खेकसलो, "घरात गरोदर बाई आहे, कळत नाही?"

तिने किटली खाली ठेवली. तिचं पोट माझ्या बायकोच्या पोटापेक्षा मोठं होतं.

"चुकलं दादा. नववा लागलाय, उतार लई जपून उतराया लागतोय." मग ती बायकोला म्हणाली, "ताई, तुमी बसा, उभ्या ऱ्हाऊ नका."

बायकोने स्वतःची खुर्ची तिलाच दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढचे दोन दिवस दूध आणायला मीच धनगरवाड्यावर चढलो. माफी मागायचं धाडस मात्र निघेपर्यंत झालं नाही.