बिडी सोडल्यावर उकंडा मापाऱ्याचं वजन

घाटंजीच्या कापूस यार्डावर उकंडा मुनेश्वर बावीस वर्षं मापारी होता. गाठोडं काट्यावर चढलं की वजन पाहायचं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. आवाज खणखणीत होता. पण रोज दोन कट्टे बिडी ओढणाऱ्याचा आवाज किती वर्षं टिकणार? २००५ सालच्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा तो “एक्केचाळीस” म्हणता म्हणता खोकायला लागला, आणि खोकला थांबेपर्यंत आकडाच विसरला. मग दिवसातून चार-पाचदा असं व्हायला लागलं.

ते वर्ष असं होतं की यार्डात शिरणारा माणूस आधीच चिडलेला असायचा. बियाणं महाग, भाव पडलेला, आणि रांगेत दोन-दोन दिवस बैलांच्या पायाशी बसून काढायचे. त्यात मापारी आकडा विसरतो म्हटल्यावर कोण ऐकून घेईल!

उकंडाची मुलगी दीपमाला गावातल्याच सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं बापाला डॉक्टरांसमोर बसवलं, छाती तपासून घेतली आणि घरी येऊन खिशातला कट्टा चुलीत टाकला.

“आजपासून बंद, बाबा. एक बी नाही.”

“हळूहळू सोडतो ना वं.”

“दहा वर्षं झाले, तुम्ही हळूहळूच सोडून राह्यले.”

उकंडानं बिडी सोडली.

पहिल्या आठवड्यात तो घरादाराशी भांडला. बायको सत्यभामा ताटं धुताना आवाज करते म्हणून भांडला, करत नाही तेव्हा “मुद्दाम हळू धुते” म्हणून भांडला. शेजाऱ्याचा कोंबडा आपल्याच दाराकडे तोंड करून आरवतो, असं त्याचं ठाम मत झालं. यार्डाच्या फाटकाबाहेर कोणी बिडी पेटवली की धूर जिकडे जाईल तिकडे त्याचे पाय वळत. एकदा एका अनोळखी गाडीवाल्याच्या मागे मागे तो बस स्टँडपर्यंत गेला. त्या माणसानं वळून विचारलं, “काही काम हाये का, भाऊ?” उकंडा काय सांगणार? “नाही,” म्हणाला आणि परत आला.

मित्रांचे सल्ले तर विचारू नका. एक म्हणाला, बिडी सोडली ना, आता तंबाखू-सुपारीचा खर्रा खा, त्यानं तलफ मरते. दुसरा म्हणाला, तपकीर ओढ. तिसऱ्यानं खर्ऱ्याची पन्नी हातातच ठेवली. दीपमालेनं ती खिशात पाहिली आणि जे बोलली ते उकंडानं पुढे कोणालाही सांगितलं नाही.

मग राहिलं खाणं. हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं होतं. त्यानं फुटाणे सुरू केले. फुटाण्यांसोबत गूळ. गुळानं तोंड गोड झालं की तिखट हवं, म्हणून फाटकाजवळच्या रुक्माबाईच्या टपरीवरचा आलुबोंडा. चहा पूर्वी बिडीसोबत घ्यायचा, आता नुसता चहा अर्धा वाटायचा, म्हणून त्यात बिस्किटं. दिवसभर त्याचं तोंड चालूच. सत्यभामेनं गुळाचा डबा फडताळात वर ठेवला तर हा पाट घेऊन चढला.

“बिडी परवडली,” सत्यभामा कावून म्हणाली. “ती तरी बाहेर ओढत होते. हे तर घरात बसून चरतेत.”

“तूच म्हणली ना सोडा म्हणून?”

“बिडी सोडा म्हणलं होतं. गूळ धरा म्हणलं नव्हतं.”

दिवाळीत एकसष्ट किलोचा उकंडा फेब्रुवारीत बहात्तर किलो झाला. आयुष्यभर काडीसारखा राहिलेला माणूस, त्याचं पोट शर्टाच्या बटणांतून डोकावायला लागलं. खोकला गेला होता, रात्रीची झोप येत होती, पण ते कोणाला दिसतं? लोकांना पोट दिसलं.

आणि ते दिसावं असं ते वर्ष नव्हतं. गावागावातली माणसं वाळत चालली होती. अशात कापूस मोजणारा एकटा माणूस फुगत होता. आधी कुजबूज झाली. मग रांगेतून कोणीतरी तोंड लपवून म्हणायचं, “शेतकरी वाळून राह्यला अन् मापारी फुगून राह्यला.” उकंडानं बावीस वर्षांत कोणाचा मूठभर कापूस इकडचा तिकडे केला नव्हता. आता रोज पन्नास माणसांना काय सांगायचं? की बाबांनो, हे पोट गुळाचं आहे? त्यानं दोघा-तिघांना सांगून पाहिलं. ते “हो हो” म्हणाले आणि पोटाकडेच पाहत राहिले.

फेब्रुवारीच्या शेवटी किसनराव आला. जवळच्याच खेड्यातला शेतकरी, साठीचा, तोंडाचा फटकळ. उकंडाची त्याची वीस वर्षांची ओळख. त्याची आठ गाठोडी काट्यावर चढली, उकंडानं एकेक आकडा सांगितला. बेरीज झाली तशी किसनराव उठून उभा राहिला.

“दहा किलो कमी भरलं.”

“जे भरलं ते सांगतलं, किसनराव.”

“घरून मोजून आणलं म्या. दहा किलो गेलं कुठी?”

“वाळलं असन. नाही तर तुमचा काटा चुकत असन.”

किसनरावानं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. मग रांगेकडे वळून म्हणाला, “माहा कापूस कुठी गेला ते दिसूनच राह्यलं ना. पहा ना त्याच्या पोटाकडे!”

सगळी रांग हसली. महिनाभर जी माणसं हसली नव्हती तीसुद्धा हसली.

काटा तसाच सोडून उकंडा फाटकाबाहेर गेला. तिथं बसलेल्या हमालानं न मागता बिडी पुढे केली. उकंडानं ती घेतली, ओठांत धरली. चार महिन्यांनी तेंदूच्या पानाची चव जिभेला लागली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हमाल काडी ओढणार, तोच उकंडाच्या मनात आलं, की मी आता ही ओढली तर आत जाऊन खोकणार, आकडा विसरणार, आणि हेच लोक म्हणणार, पहा, चोराचं तोंड कसं अडखळतं. त्यानं बिडी हमालाच्या हातात कोंबली आणि तरातरा आत आला.

“या इकडे,” त्यानं किसनरावाचं मनगट धरलं. “काट्यावर उभे राहा.”

“मी कायले?”

“माह्या पोटाचं मोजमाप केलं ना चारचौघात? आता तुमचंबी होऊ द्या. उभे राहा!”

किसनराव चढला. उकंडा ओरडला, “अठ्ठेचाळीस!” मग स्वतः चढला आणि वजन लिहून घेणाऱ्या बाबूला वाचायला लावलं. “बहात्तर.”

“आता चला दवाखान्यात. तिथला काटा न माह्या बापाचा, न तुमच्या; तिथंबी एवढंच भरते का पाहू.”

दवाखाना जवळच होता. रांगेतले दहा-बारा जण कामधंदा नसल्यासारखे मागे आले, आणि खरंच त्यांना रांगेत बसण्याशिवाय काम नव्हतं. दीपमाला बाळांना लस देत होती. बापाला वरातीसह आत शिरताना पाहून तिनं कपाळाला हात लावला.

“बाबा, आता काय केलं तुम्ही?”

“काही नाही केलं. हेच सांगून राह्यलो सगळ्याईले. वजन कर आमचं.”

तिनं आधी बापाचं केलं. बहात्तर. मग किसनरावाचं. अठ्ठेचाळीस.

“पहा!” उकंडा गरजला. “एक बी किलो इकडचं तिकडे झालं का? बोला आता!”

पण किसनराव काट्यावरून उतरलाच नाही. खाली वाकून तो आकड्याकडे पाहत होता. “पोरी, हा बरोबर हाये का?”

“बरोबर आहे, काका.”

“दोन सालाआधी मी अठ्ठावन होतो.”

दीपमालेनं किसनरावाला बाकावर बसवलं, जेवणखाण विचारलं, डॉक्टरांना दाखवूनच जा म्हणाली. उकंडा बाजूला उभा होता. मघाशी ह्या म्हाताऱ्याला दोन शब्द सुनवायचे म्हणून त्यानं किती जुळवून ठेवले होते! आता ते तोंडातच राहिले, आणि त्याचाही त्याला राग आला. खरं ठरल्याचं सुखसुद्धा ह्या माणसानं त्याला मिळू दिलं नव्हतं. पोट आत ओढून तो उभा राहिला, ते फार वेळ आत राहिलं नाही.

किसनरावानं माफी मागितली नाही. परत येताना एवढंच म्हणाला, “मंग माह्या घरचाच काटा खोटा.” थोडं चालल्यावर थांबला, खिशातून बिडी काढून उकंडाला विचारलं, “काडी हाये का तुह्यापाशी?”

“नाही!” उकंडा इतक्या जोरात ओरडला, की पुढची माणसं वळून पाहायला लागली.

त्या दिवसानंतर पोटाची कुजबूज पुष्कळ कमी झाली. दीपमालेनं बापाला एक सांगितलं होतं, की तलफ आली तरी ती पाच-सात मिनिटंच जोर करते, तेवढी काढा. उकंडाला बसून काढता येईनात, म्हणून तो चालायला लागला. यार्डाला कुंपणाच्या आतून फेरा, एका तलफेला एक. पहिल्या महिन्यात दिवसाला पंधरा फेरे झाले. गूळ बंद केला. फुटाणे सत्यभामा मुठीनं मोजून देई, आणि तिची मूठ लहान आहे ह्यावरून रोज वाद होई. पावसाळ्यापर्यंत तो अडुसष्टावर आला आणि तिथंच अडकला. काही केल्या खाली सरकेना. एकसष्टचा उकंडा पुन्हा कोणाला दिसला नाही. बिडीही त्यानं पुन्हा ओढली नाही.

पुढच्या दिवाळीला त्यानं दोन पँट शिवायला टाकल्या. शिंप्यानं कमरेचा आकडा मोठ्यानं सांगितला.

“हळू बोल ना!” उकंडा खेकसला.

“कमरेत आत थोडं कापड सोडू का, काका?”

उकंडानं दुकानाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सत्यभामा दारातच उभी होती.

“सोड रे,” तीच म्हणाली. “चांगलं चार बोटं सोड.”