जेद्दाच्या किनाऱ्यावर मी मागितलेला वाटा

पहिला आला तो टोमासी, आणि तोही सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी! मी सुरमईला मसाला लावत बसलेली, आणि दारात हा दाराएवढा माणूस, फुलाफुलांचा शर्ट, चपला हातात. मागे सुरेश. दोघं पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरचे, माझ्या लेकाचं, रियाजचं काम बघायला जेद्दाला आलेले. सुरेशचे पणजोबा हिंदुस्थानातून फिजीच्या ऊसमळ्यात गेलेले, म्हणून त्याला हिंदी येते. मला म्हणाला, "सलाम, आजी." त्यांच्यातही बापाच्या आईला आजीच म्हणतात! मग मी त्यांना उपाशी सोडते होय?

पण तुम्हाला जेद्दाला जायचं असेल तर आधी कामाचं सांगते. (मी बोलते, सून शबाना टाइप करते.) रत्नागिरीहून मुंबईला एसटीने, पुढे विमान, पाच-सहा तास. सुके बोंबील तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर अख्खं विमान तुमच्याकडे वळून बघेल. अजान झाली की दुकानं बंद, दूध आधीच आणून ठेवा. तमीस म्हणून परातीएवढी रोटी मिळते, एक रियाल, गरम आहे तोवर खा. मक्केला जाऊन उमरा केला, पोटभर रडले. ते माझ्यात आणि अल्लामध्ये.

तर रियाजचं काम असं : समुद्राच्या तळाने केबल टाकायची, आत केसासारख्या काचेच्या तारा, त्यांतून फोन नि इंटरनेट. टोमासीच्या बेटावरही ती यायची आहे. त्याची लेक दूरच्या बेटावर शिकते. तिचा आवाज ऐकायचा तर पोस्टाबाहेर रांग, तिथला फोन उपग्रहावरचा, ढग आले की तेही नाही. पण त्यांच्याकडे किनारा गावाच्या मालकीचा. गावचे म्हातारे नुसती मान हलवतात, नको. त्यांचा होकार आला नाही तर केबल शेजारच्या बेटाला जाणार. बोलता बोलता त्याचा घास हातातच राहिला.

शनिवारी रियाजची सुट्टी असते, पण त्या दिवशीच केबल किनाऱ्याला लागायची होती. आम्ही सगळे गाडीतून गेलो, जेद्दाच्या वरच्या अंगाला. पाणी, छत्री, टोपी न्याच, वाळू तव्यासारखी तापते. जहाज लांब उभं, आणि तिथून केशरी फुग्यांवर तरंगत केबल येतेय! मी तर टाळ्याच पिटल्या.

अर्ध्यात ओढायचं यंत्र बंद पडलं. वारा वाढायला लागला, केबल एका अंगाला वाहायला लागली. मुकादम ओरडला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला चला, आणि केरळी, बंगाली, पठाण, सगळे कामगार केबलच्या दोराला. मीही.

"अम्मी, काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू देत. तू ओढ."

मध्येच अजान झाली. अर्धे नमाजाला, अर्धे दोर धरून, मग अदलाबदल. शेवटी आली बाई ती वाळूवर, मनगटाएवढी, काळी, ओलीचिंब!

लोक सामान आवरायला लागले. मी जागची हलेना.

"चल अम्मी, खलास."

"खलास कसं? माझा वाटा?"

आमच्या गावात रापण ओढतात, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं. दोराला हात लावला की वाटा मिळालाच पाहिजे, कुणी का असेना. माझ्या डोक्यात तेच. सगळे खो खो हसले. रियाज म्हणाला, "यात मासे नाहीत गो अम्मी!"

सुरेशने टोमासीला सांगितलं. तो हसलाच नाही. मटकन वाळूत बसला. सुरेशकरवी मला म्हणाला, "माझा म्हातारा काका हेच विचारतो. आम्हीपण वेलींचा दोर करून मासे ओढतो, ज्याचा हात त्याचा वाटा. मी काकाला नुसते नकाशे दाखवले. दोर कुणाच्या हातात दिलाच नाही." मग दोघांनी तिथेच ठरवलं : केबल गावाने ओढायची, आणि गावाचा वाटा म्हणून शाळेला आणि दवाखान्याला जोडणी मागायची.

मला रियाजने टोकाचा हातभर तुकडा कापून दिला. विमानतळावर तो तुकडा तीनदा तपासला!

आता घरी आलेय. तळहाताची सालं गेली, नवीन कातडी आली. मक्का आठवते, तमीसही आठवते. पण सगळ्यांत जास्त आठवतो तो ताणलेला दोर. नि परवा टोमासीचा फोन आला. म्हातारे हो म्हणाले! काका स्वतः फोनवर आले. मला त्यांचं कळेना, त्यांना माझं कळेना, तरी बराच वेळ बोललो. मग सुरेशने फोन घेतला. टोमासी आणि तो, दोघं आमच्या गावाला येणार आहेत. दिवसही पक्का केलाय, येत्या रमजान ईदेचा दुसरा दिवस, बासी ईद.