भ भेदऱ्याचा
टोमॅटो, म्हणजे आमचं भेदरं, गॅसवर भाजायला ठेवलं की सालीचा जळका वास सुटतो आणि माझ्या बोटांची आपोआप मूठ वळते. मी लहान असताना राजापेठेतल्या एका क्लासमध्ये जायची, तिथं पोरांना कॉम्प्युटरवर खेळातून अक्षरं शिकवायचे. पडद्यावर चित्र यायचं, त्याचं पहिलं अक्षर दाबायचं. त्या दिवशी लालभडक भेदरं आलं आणि मी 'भ' दाबला. "पुन्हा प्रयत्न कर, बाळा," स्पीकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, आणि सरांची लाकडी पट्टी माझ्या बोटांवर बसली. मी पुन्हा 'भ'च दाबला. या वेळी पट्टी कडेनं बसली आणि कीबोर्डवर रक्त सांडलं. मला न्यायला आलेले बाबा दारातूनच ओरडले, "काहून मारून राह्यले तुमी तिले?" सर म्हणाले, "साधा टोमॅटो ओळखता येत नाही हिला." बाबांनी पडद्याकडे पाहिलं. "भेदरंच तं हाय ते!" म्हणत त्यांनी सरांना भिंतीवर आदळलं आणि मॉनिटर उचलून फरशीवर आपटला. काच फुटली, तरी स्पीकरमधली बाई म्हणतच होती, "पुन्हा प्रयत्न कर, बाळा." बाहेर आल्यावर मला वाटलं, बाबा आता उचलून घेतील. त्यांनी खाडकन माझ्या थोबाडीत मारली. "तिथं टमाटर म्हणत जाय!" आता माझी मुलगी मोबाइलवर त्याच चित्राला 'ट' लावते आणि मोबाइल टाळ्या वाजवतो. मी खलबत्त्यात भेदरं ठेचत असते, आणि बत्ता गरजेपेक्षा जोरात पडतो.