गावकीचा नारळ

माझ्या पोराला शिक्षा झाली ती नारळामुळं, असं आमचा वकील म्हणायचा.

आमचं गाव निडीपासून आतल्या अंगाला. भात काढलं की वाल पेरायचे, एवढंच आमचं. खालच्या आळीतली एक पोरगी धाटावला कंपनीत पॅकिंगला जायची. एका संध्याकाळी शिफ्टवरून येताना आमच्या खळ्यापाशी माझ्या पोरानं तिला धरलं, कपडे ओढले, असं तिनं घरी जाऊन सांगितलं. पोरगा म्हणाला, 'मी नाय.' मी त्याला एकदाच विचारलं. परत विचारलं असतं आणि तो वेगळं काय बोलला असता, तर ते घेऊन मी कुठं गेली असती?

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. आमच्यात चाल अशी, की ज्याच्यावर तक्रार येईल त्यानं देवळात नारळ ठेवायचा आणि समोरच्याच्या पायाला हात लावून 'चुकलं' म्हणायचं. केलेलं असो नसो. बांध कोरला तरी हेच, कोणाची कोंबडी मेली तरी हेच. पोरगा तयार नव्हता. माझ्या थोरल्या दिरानं त्याची मान धरून त्याला वाकवलं. पोरीच्या बापाच्या पायाशी तो 'चुकलं' म्हणाला. खोबरं वाटलं. मला वाटलं, मिटलं.

पोरीला तिथं कोणी बोलावलंच नव्हतं. ती आईला घेऊन रोह्याला पोलिसात गेली.

वकील पेणचा केला. त्यानं पहिलं विचारलं, पोरगी कशी हाय. मी म्हटलं, चांगली हाय, मला ताप होता तेव्हा येऊन भाकऱ्या टाकून गेली. त्यानं चष्मा काढून ठेवला.

"मावशी, तुम्ही नक्की कोणाकडून आलाय?"

मग म्हणाला, ती कोणाशी हसते, घरी कधी येते, ते सांगा. मला काय ठाऊक? तरी कोर्टात त्यानं तिला तेच विचारलं. मी बाहेर बाकावर होती, साक्षीदाराला आत बसू देत नाय. पण दार उघडं होतं. ती प्रत्येक सवालाला 'नाय' म्हणत होती, म्हणता म्हणता तिचा आवाज येईनासा झाला. तो माझ्या पोरासाठीच बोलत होता. त्याला थांब म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

तारखेला जायचं तर सकाळची मिनीडोर रिक्षा एकच. पोरगा जामिनावर होता, तो पुढं ड्रायव्हरजवळ बसायचा. मागं समोरासमोरच्या बाकड्यांवर पोरगी, तिची आई आणि मी, गुडघ्याला गुडघा लागून. एकदा गाडी खड्ड्यात आदळली तशी तिच्या आईनं माझा हात धरला. लगेच सोडला.

गावकीची माणसं नारळाचं कोर्टात सांगून आली होती. माझी साक्ष आली तेव्हा वकिलानं मला पढवलं, नारळ बांधाच्या भांडणाचा होता म्हणा, नायतर पोरगा आत जाईल. मी सगळ्या वाटेनं घोकत गेली. पण आमचा आणि त्यांचा बांध कुठं लागतच नाय. वकिलाला ते ठाऊक नव्हतं, समोर बसलेल्या गावाला होतं.

सरकारी वकिलानं विचारलं, "नारळ कशाबद्दल ठेवला?"

माझी जीभ बांधाकडं वळेना.

"पोरीबद्दल."

"मुलगा काय म्हणाला?"

"चुकलं म्हणाला. पण ते आमच्यात सगळेच म्हणतात, साहेब."

शेवटचं कोर्टानं लिहून घेतलं की नाय, कोण जाणे. मी परत सांगायला गेली तर जज्जसाहेब म्हणाले, विचारलं तेवढंच बोला.

शिक्षा झाली त्या दिवशी पोलीस त्याला माझ्यासमोरून घेऊन गेले. डबा द्यायला गेली, तर आता नाय म्हणाले. दीर गावकीच्या माणसांना सांगत होता, गावात तर मिटलं होतं. माणसं मान हलवत होती.

संध्याकाळी मिनीडोरमध्ये आम्ही तिघी बसलो. पोरगी आईच्या खांद्याला टेकून डोळे मिटून होती. ड्रायव्हर पुढची जागा राखून कोर्टाच्या रस्त्याकडं बघत थांबला. मी परत आणलेला डबा मांडीवर नीट ठेवला.

शेवटी पोरीच्या आईनं सांगितलं.

"तो नाय येणार. चल तू."