केणीबाईंचा हॅमर

जोगेश्वरीच्या आमच्या शाळेत कल्पिता केणी भूगोल शिकवते आणि मी शेजारच्या वर्गात गणित. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई सुगंधाबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकायच्या आणि कॉलेज संपेपर्यंत पहाटे बर्फासकट टोपल्या टेम्पोतून उतरवायचं काम कल्पिताचं. मुलं तिला घाबरत नाहीत, पण तिने एकटीने लोखंडी कपाट सरकवलेलं पाहिल्यापासून तिच्या तासाला गोंगाटही करत नाहीत.

हॅमर तिच्या हातात आला तो चौतिसाव्या वर्षी. पीटीचे सर आजारी पडले म्हणून जिल्हा स्पर्धेला मुलींना घेऊन तिला पाठवलं. गोळाफेक कुठे चाललीय ते शोधत ती मैदानाच्या भलत्याच टोकाला पोचली. तिथे लांब तारेच्या टोकाला लोखंडी गोळा लावलेलं काहीतरी गवतात पडलं होतं. हे काय, असं तिने तिथल्या वयस्कर पंचांना विचारलं. श्यामकांत राऊळ त्यांचं नाव. तरुणपणी ते स्वतः हॅमर फेकायचे. त्यांनी समोरचं मैदान मोकळं आहे ना ते बघितलं आणि म्हणाले, उचलून बघा. साडीचा पदर खोचून, चपला काढून तिने तो डोक्याभोवती दोनदा फिरवला आणि सोडला. राऊळसर स्वतः टेप घेऊन मोजायला गेले. परत आल्यावर त्यांनी फक्त तिचा फोन नंबर मागितला.

पुढची तीन वर्षं दर रविवारी ते तिला बोरीवलीच्या एका मैदानावर शिकवत होते. या वयात कोण असलं काही सुरू करतं, असं स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो. मीही म्हटलं. मग राज्य स्पर्धेत ती पाचवी आली, अडतीस मीटर, आणि आम्ही गप्प बसून तिने डब्यातून आणलेली सुरमई खाल्ली.

शाळा सुटल्यावर ती आमच्या मैदानात गिरक्यांचा सराव करायची. हॅमर सोडायची नाही, नुसती फिरायची. एका शनिवारी तिसऱ्या गिरकीला तार तुटली. गोळा आडवा गेला आणि सायकल शेडच्या पत्र्यातून आरपार निघाला. लागलं कोणालाच नाही. पण मिनिटभरापूर्वीच आठवीच्या मुली तिथून सायकली काढून गेल्या होत्या. कल्पिता होती तिथेच खाली बसली. हेडमास्तर देवव्रत गावडे यांनी सरावाला बंदी घातली, तेव्हा तिने वाद घातला नाही. बंदी नसती तरी आता माझ्याने होणार नाही, असं ती मला म्हणाली. रविवारी जाणंही तिने बंद केलं. राऊळसरांचे फोन उचलेना.

दीड वर्ष असं गेलं. एका दुपारी मी तिच्या घरी गेले होते. दारात तिचा भाऊ परेश फाटलेलं जाळं विणत बसला होता. बोलता बोलता हॅमरचा विषय निघाला आणि कल्पिता उठून आत जायला लागली. सुगंधाबाईंनी तिला थांबवलं.

“कोनाला लागंल म्हनून भितेस ना? मंग भोवती जालं बांध. आपल्याकरं जाल्यांची काय कमी हाय?”

मोठ्या मैदानांवर तसं जाळं असतंच, पण शाळेत कोण बांधून देणार, असं कल्पिता म्हणाली. परेशने मान वर न करता विचारलं, किती उंच?

त्याने आणि त्याच्या बोटीवरच्या दोघांनी ट्रॉलरचं जुनं जाळं दुहेरी शिवून लोखंडी पाइपांवर चढवलं. गावडेसरांचा विश्वास नव्हता. मला दाखवा, म्हणाले. मग एका रविवारी कल्पिताने राऊळसरांना बोलावलं. त्यांनी नवी तार दोनदा तपासली, आम्हा सगळ्यांना पहिल्या मजल्यावर उभं केलं आणि तिला मुद्दाम जाळ्यातच फेकायला सांगितलं. जाळं फुगलं, गोळा धपकन खाली पडला.

“पुन्हा,” गावडेसर म्हणाले.

पाच वेळा फेकायला लावून त्यांनी परवानगी दिली. अट एकच: गेट बंद आणि गेटवर एक शिक्षक. तेव्हापासून ती शिक्षिका मी.

भीती मात्र एवढ्याने गेली नाही. पहिला महिनाभर ती गिरकी अर्ध्यावर थांबवायची. एकदा मला म्हणाली, “नीलम, गेटकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस.” मी पाठ करून उभी राहायचे आणि मागून कधी एकदा धप्प आवाज येतोय ते ऐकत राहायचे. हळूहळू तो रोज यायला लागला.

पंचेचाळिसाव्या वर्षी ती मास्टर्समध्ये, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धेत, राज्यात दुसरी आली. आज आमच्या सात मुली तिच्याकडे हॅमर शिकतात. दोघी तर तिच्यासारख्याच कोळीवाड्यातल्या.

पुढच्या वर्षी तिला पन्नास पूर्ण होतील. पन्नाशीनंतर बायकांचा हॅमर चार किलोवरून तीन किलोचा होतो. वय वाढतंय म्हणून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. तिने तीन किलोचा आत्ताच आणून ठेवलाय. गेल्या रविवारी पहिल्यांदा फेकला, तर तो चाळीसच्या पुढे गेला. राष्ट्रीय स्पर्धेचा फॉर्मही भरून झालाय. जन्मतारीख तिने एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलीय की रकान्याबाहेर आलीय.