जिन्याखालची पट्टी

मधू गेल्याचा स्वातीचा, त्याच्या मुलीचा, फोन आला तो रविवारी सकाळी. त्या वेळी मी मधूला सांगायचा आकडा मनातल्या मनात ठरवत होतो. ठरवत होतो... मोजत नव्हतो. आता लपवून तरी काय करायचंय?

मधू माझा शाळेपासूनचा मित्र. देवरूखला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. चिऱ्याच्या भिंतीला ओल चढली की आपण पावसाला नावं ठेवून मोकळे होतो. हा थेट दगडाच्या छिद्रांत शिरला. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी वर ओढलं जातं, वर येता येता ते सुकतही असतं, आणि दोन्हींचा मेळ बसला की ओल थांबते. ती कुठे थांबेल हे आधीच सांगणारं गणित त्याने कॉम्प्युटरवर मांडलं होतं. ते पडताळायला त्याने रत्नागिरीतलं माझं घर निवडलं. जिन्याखालच्या बिनगिलाव्याच्या भिंतीवर सेंटीमीटरची उभी पट्टी ठोकली आणि बजावलं, "दर रविवारी बघायचंस नि मला फोन करायचास. आळस करू नकोस मेल्या!"

दोन महिने मी इमानाने रांगत आत शिरलो. मग गुडघे कुरकुरायला लागले. मागच्या आकड्यात थोडं मिळवायचं, कधी थोडं कमी करायचं, असं सुरू झालं. त्यातच मधू आजारी पडला, त्याचं इकडे येणं थांबलं आणि माझं आयतंच फावलं. लाज वाटते लिहिताना.

शेवटचा भेटलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, मांडीवर लॅपटॉप. "पाणी असं वागत नाही रे," म्हणाला. "सुरुवातीला किती छान जुळत होतं. माझंच कुठंतरी चुकतंय." मी सांगायला तोंड उघडलं... आणि विचारलं, "औषध घेतलंस का?"

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा जिन्याखाली गेलो. ओल बत्तीस सेंटीमीटरवर होती. स्वातीला फोन केला. तिने लॅपटॉपवर पाहून सांगितलं, "काका, बाबांचं उत्तर साडेएकतीस आहे. मग मधलेच आकडे असे कसे हो?"

मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत स्वतःची चूक शोधत होते, काका."

अजून दर रविवारी मी गोणपाट अंथरून पट्टीपाशी बसतो. दोनदा मोजतो, वहीत लिहितो. आज एकतीस. तुझं काही चुकलं नव्हतं रे, मधू... हे वाक्य त्या दिवशी खाटेपाशी बसून बोलायला मला किती वेळ लागला असता?