कडुबाचा भोंगा अन् चंपाबाईचा ड्रम

आमच्या पडेगावात कडुबाचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवतात; ‘भोंगेवाला’ म्हटलं की शेंबडं पोरबी दारापर्यंत सोडून येतं. रिक्षावर भोंगा बांधलेला. जयंतीची मिरवणूक असो, कुणाची शेळी हरवो, खबर त्याच्याच तोंडून. नळाला पाणी यायचं असलं की लाइनमन त्यालाच आदल्या दिवशी फोन करतो. त्यामुळं भोंगा वाजला की आम्ही बाया आधी हंडे काढतो, मग ऐकतो.

यंदा डेंग्यूची साथ आली. आरोग्य केंद्रातल्या करुणा सिस्टरनी कडुबाला कागद दिला: शुक्रवारी कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी ओतून द्या. त्यानं भोंगा सुरू केला अन् सगळी गल्ली हंडे घेऊन नळावर. नळ ठणठणीत.

“मेल्या, पाणी कुठंय?” चंपाबाई करवादली.

“वहिनी, पाणी नाय. ड्रम रिकामे करायचेत.”

“कालच भरलाय! नळाचं तोंड आठवडाभरानं दिसतं, अन् ओतून देऊ? मग तुझ्या भोंग्यानं भांडी घासू व्हय?”

बाया हसल्या. मीबी हसले, उगा कशाला खोटं बोलू. कडुबा तेवढा हसला नाय. त्याची सून रूपा पोटुशी, अन् चंपाबाईचा ड्रम नेमका तिच्या खिडकीखाली. सिस्टरनी त्यात बॅटरी मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या होत्या. म्हणाल्या होत्या, गरोदर बाईला हा ताप लई जड जातो. आपला ड्रम घासून कडुबाचं काय भागणार? डास काय हद्द बघून उडतो?

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

“मावशी, माझं कुणी ऐकंना झालंय.”

“ऐकतात की रे बाबा. पण पाण्याचंच ऐकतात.”

बशीतला चहा तसाच निवला. कडुबा उठला तो थेट सिस्टरकडं. दोघांनी मिळून ठरवलं: आता पाणी गाळून घ्यायचं, ड्रमाला कापड घट्ट बांधायचं, अन् पाणी यायच्या आदल्या दिवशी, ड्रम तळाला गेला की, घासायचा. सिस्टरनी त्याचा आवाज मोबाइलात भरून दौलताबादपर्यंतच्या आशाताईंना धाडला. प्रत्येकीनं आपापल्या गल्लीचा नळाचा दिवस धरायचा.

पुढच्या खेपेला भोंगा वाजला, “उद्या पाणी येतंय! आज ड्रम आतून घासा, त्याच्या भिंतीला डासाची अंडी चिकटलेली असतात!”

चंपाबाईनं कुरकुरत ड्रम आडवा केला. “तळाचं तांब्याभर पाणी ओतायला माझं काय जातंय? पण आत वाकायचं कुणी? माझी कंबर बघ.”

कडुबा माइक गळ्यात अडकवूनच रिक्षातून उतरला अन् ब्रश घेऊन ड्रमात शिरला. बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या. घासता घासता त्याचं पुटपुटणं सुरू झालं, अन् ते भोंग्यातून गल्लीभर घुमलं, “एकदा माझी रूपा सुखरूप सुटू दे... पोरीला ताप नको येऊ दे...”

खिडकीतून रूपा ओरडली, “मामा, माइक चालूय!”

मग एका घरातून ब्रशाची खरखर आली, मग दुसऱ्यातून. मीबी माझा ड्रम कलंडवला.

चंपाबाई आत जाऊन ठेवणीतल्या लुगड्याचा धडका पदर फाडून घेऊन आली. कडुबा बाहेर निघाला तशी ड्रमाच्या तोंडाला गाठ मारत म्हणाली, “सुनेसाठी हाय हे आधी सांगायचं ना, मुडद्या! कागद कशाला वाचत बसलास?”